घरातलं माणूस मनानं एकदम खचलं, तर त्या रात्री काय करायचं

साप चावला तर आपल्याकडे अख्खं गाव गाडी काढून धावते, पण माणूस दोन दिवसांपासून जेवत नाही, ओट्यावर गुमसुम बसून आहे, "आता माझ्यानं होत नाही" म्हणतो, तर घरचे म्हणतात टेन्शन आहे, होईल बरोबर. तसं सोडू नका राजेहो.

पहिलं म्हणजे त्याला एकटं ठेवायचं नाही. जागलीला पाठवायचं नाही, दार लावून झोपू तर द्यायचंच नाही. अन् फवारणीचं औषध घरात असेल (बऱ्याच घरी खाटेखालीच असते) तर ते गुपचूप शेजाऱ्याकडे कुलपात ठेवायचं, किल्ली पण तिकडेच. जीव द्यायची उबळ बरेचदा काही वेळात ओसरते, तेवढ्या वेळात हाताशी काही सापडलं नाही की माणूस वाचतो.

मग जवळ बसा अन् सरळ विचारा, "भाऊ, मरावंसं वाटते काय?" विचारल्यानं डोक्यात येते असं लोक म्हणतात, पण तसं होत नाही, उलट इतके दिवस दाबून ठेवलेलं तो बोलते. तुम्ही फक्त ऐका. कर्ज किती, सोयाबीनचा भाव काय पडला, हा हिशोब त्या रात्री काढू नका, लेकरांची शपथ घालू नका, आणि "लोकांचं तर याहून वाईट आहे" हे तर चुकूनही नाही.

आता फोन. १४४१६ लावा, ही सरकारची टेली मानस हेल्पलाइन, २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाही. भाषा विचारते, मराठी निवडा. नाही लागला तर १८००-८९१-४४१६. तो बोलायला तयार नसेल तर तुम्हीच बोला, काय करायचं ते विचारून घ्या. गावात बोभाटा होईल म्हणून जे लोक दवाखान्यात जात नाहीत त्यांच्यासाठी तर हे बरंच आहे.

पण काही खाल्लं-पिलं असा नुसता संशय जरी आला तरी फोनवर बोलत बसू नका, १०८ ला अँब्युलन्स बोलवा, उशीर लागत असेल तर मिळेल त्या गाडीनं मोठ्या सरकारी दवाखान्यात. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, औषधाचा डबा सोबत न्यायचा. "पोलीस केस होईल" म्हणून काहीजण थांबतात. पोलीस जबाब घ्यायला येतात हे खरं, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरतात, शिक्षेची भीती नको.

रात्र निघाली की दुसऱ्याच दिवशी जिल्ह्याच्या सामान्य रुग्णालयात मनोविकाराच्या डॉक्टरकडे, वर्ध्याकडचे असाल तर सेवाग्रामला. आशाताईला सांगून ठेवलं तर ती पुढची मदत जुळवून देते. मांत्रिकाकडे जायचंच असेल तर नंतर जा, आधी डॉक्टर. उदासीवरच्या गोळ्यांचा असर दिसायला दोन-चार आठवडे लागतात, म्हणून "फरक नाही पडला" म्हणून स्वतःहून बंद करायच्या नाहीत, आणि तोवर फवारणीचं औषध शेजाऱ्याकडेच राहू द्या.