जुनी बार कार्ट कशी निवडायची, दुरुस्त करायची आणि मांडायची

जुनी बार कार्ट, म्हणजे दारूच्या बाटल्या आणि ग्लास ठेवायची चाकांची गाडी, बघायला गेलात ना, की आधी तिच्यावर मांडून ठेवलेल्या बाटल्या, ग्लास, फुलदाणी जे काय असेल ते सगळं खाली काढायला सांगा. रिकामी गाडी बघायची आणि बघायची म्हणजे ढकलून बघायची, कारण ही वस्तू मुळात फिरवायला केलेली आहे, कोपऱ्यात शोभेला नाही, हे एकदा डोक्यात बसलं की काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते बरंचसं आपोआप ठरतं.

मॉडर्निस्ट, म्हणजे विसाव्या शतकातल्या साध्या-सरळ आकारांच्या डिझायनर मंडळींचं म्हणणंही हेच होतं, आधी काम बघा, आकार त्यातून येऊ द्या. फिनलंडच्या आल्व्हार आल्टोंची १९३६ सालची ९०१ नंबरची टी ट्रॉली फोटोत तरी नक्की बघा. बर्चच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून वाकवलेली फ्रेम आणि चाकं फक्त दोन, मोठ्ठी, तीही एकाच टोकाला. दुसरं टोक जरा उचलायचं आणि हातगाडीसारखी न्यायची, सोडली की जागच्या जागी उभी, ब्रेक लागतच नाही! चहासाठी केलेली गाडी, पण बाटल्यांनाही तितकीच चालते. मला तर आजही यापेक्षा शहाणी ट्रॉली दिसलेली नाही. स्टीलच्या नळीच्या ज्या चकचकीत गाड्या दिसतात त्यांचं मूळ जर्मनीतल्या बाउहाउस या डिझाइनच्या शाळेत, तिथल्या मार्सेल ब्रॉयरनी १९२५ च्या सुमारास सायकलच्या हँडलवरून नळीची खुर्ची बनवली आणि मग वाकवलेली नळी सगळ्याच फर्निचरमध्ये शिरली.

आता तपासणी. सपाट फरशीवर गाडी ढकला आणि सोडून द्या. एका बाजूला ओढत असेल तर चाक अडकलंय किंवा फ्रेम वाकडी आहे. चाक अडकलं असेल तर घाबरू नका, माझ्या गाडीचं एक चाक असंच फिरत नव्हतं, उलटी करून पाहिलं तर आसाभोवती केस आणि दोरे इतके घट्ट गुंडाळलेले की रबराच्या वॉशरसारखे दिसत होते, बारीक चिमट्याने आणि ब्लेडने अर्धा तास बसून काढले, एक थेंब मशीनचं तेल सोडलं आणि चाक गरगर फिरायला लागलं. चाकाचं रबर कडक होऊन तडकलं असेल तर मात्र चाक बदलावंच लागतं, तेव्हा खोचायच्या दांड्याची जाडी मोजून घ्या. आणि चारही एकदम बदला, एकच नवीन बसवलं की उंचीत फरक पडतो आणि गाडी डुगडुगते.

मग समोरासमोरचे दोन कोपरे धरून हलकेच पिळून बघा. लाकडी सांधा करकरला तर जुना गोंद खरवडून सुताराचा पांढरा गोंद लावायचा आणि रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवायचं. वरून खिळा ठोकू नका प्लीज, लाकूड फाटतं आणि पुढे कुणालाच ते नीट करता येत नाही.

सोनेरी भाग असेल तर खिशात लोहचुंबक ठेवाच. चिकटला तर आत लोखंड किंवा स्टील आहे, वर नुसता मुलामा. तो पितळ पॉलिशने घासला की निघून जातो, म्हणून फक्त ओलसर कापड आणि लगेच कोरडं पुसणं. नाही चिकटला तर बहुतेक पितळ, पण त्यावरही पारदर्शक लॅकर असू शकतं, ते शाबूत असेल तोवर पॉलिशची गरज नसते. हात लागून लागून जिथे पितळ गडद झालंय ते मी तसंच ठेवते. नव्यासारखं चमकवायचा मोह आवरा, जुनेपणा एकदा घासून घालवला की परत आणता येत नाही.

लाकडाला सँडपेपर लावायच्या आधी फळीची कड बघा. वरचा रेषांचा थर कडेला वेगळा दिसला तर ते व्हिनिअर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा आहे, बऱ्याचदा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ, मशीन फिरवलं की आरपार. जुना रंग असेल तर कोरडा घासूच नका, त्यात शिसं असू शकतं. आणि लाखेचं पॉलिश असेल तर ते स्पिरिटमध्ये विरघळतं, म्हणजे बार कार्टसाठी नेमकं चुकीचं! खालून न दिसणाऱ्या जागी कापसाने स्पिरिटचा एक थेंब लावून बघा, चिकट झालं तर वरच्या फळीवर मापाची काच किंवा ट्रे ठेवायचा, बस.

मांडताना वजनाचा हिशोब करा. ७५० मिलीची भरलेली बाटली साधारण सव्वा किलो, म्हणजे डझनभर बाटल्या १५ किलोच्या आसपास, त्या सगळ्या खालच्या फळीवर, वर ग्लास आणि मोकळी जागा, कारण ओतायला जागा लागतेच. ऊन पडतं तिथे गाडी नको. उघडलेली व्हर्मुथ (वनस्पती-मसाले घातलेली वाइन) फ्रिजमध्ये. जुन्या क्रिस्टल डिकँटरमध्ये (दारू ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत) शिसं असतं आणि ते हळूहळू दारूत उतरतं, त्यामुळे पाहुणे आल्यावर त्यात ओता पण साठवून ठेवू नका.

शेवटी भरलेली गाडी एकदा खोलीतून फिरवून आणा, उंबऱ्यावरून, गालिच्याच्या कडेवरून. बाटल्या एकमेकींवर वाजत असतील तर फळीच्या मापाचा कॉर्कचा पातळ तुकडा खाली घाला आणि परत ढकलून बघा.