जिन्याच्या वळणावर चित्र लावताना

बैठकीच्या खोलीतलं चित्र आपण बसून बघतो. जिन्याच्या लँडिंगवरचं चित्र चालता चालता दिसतं, तेही तीन ठिकाणांहून: खालच्या पायरीवरून मान वर करून, वळणावर अगदी नाकासमोर आणि वरून उतरताना तिरकं. या तिन्ही ठिकाणांहून जे चित्र नीट लागतं तेच तिथे लावावं. त्यामुळे दुकानात जाण्याआधी एकदा सावकाश जिना चढा आणि उतरा.

आधी भिंत बघा

रो-हाउस किंवा छोट्या बंगल्यात जिन्याची रुंदी बहुधा तीन फुटांच्या आसपास असते आणि लँडिंगची खोलीही तेवढीच. म्हणजे तिथे उभं राहून चित्र बघायला मागे सरकायला जागाच नसते. खिडकी त्याच भिंतीत असेल तर तिच्या शेजारचं चित्र अंधारं वाटतं, कारण उजेड थेट डोळ्यांवर येतो. अशा वेळी बाजूची भिंत चांगली. दुपारचं ऊन थेट पडत असेल तर जलरंग आणि साध्या इंकजेट प्रिंट तिथे नकोतच, त्यांचे रंग उडतात.

आता ओल. लँडिंगची भिंत बहुतेक घरांत बाहेरची असते आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर तिच्यावर पाऊस झोडपतो. पोपडे आले असतील, हात लावल्यावर गार-दमट लागत असेल, तर आधी बाहेरून वॉटरप्रूफिंग करून घ्या. डाग झाकायला फ्रेम लावली तर मागे हवा खेळत नाही, ओल आणखी धरते आणि बुरशी थेट कागदावर चढते.

मग चित्र

आठ-दहा पायऱ्या खालून ओळखू येईल असा ठसठशीत आकार हवा. वारली चित्राचंच बघा. त्यातला तारपा नाच, म्हणजे वादकाभोवती गोल फिरत गेलेली माणसांची साखळी, लांबूनही कळतो आणि जवळ गेल्यावर एकेक माणूस वेगळा दिसू लागतो. तेच शेती, झाडं, पाखरं यांनी गच्च भरलेलं चित्र खालून नुसतं पांढरं जाळं वाटतं. ते सुंदरच असतं, पण त्याची जागा अभ्यासाच्या टेबलाजवळ. मूळ कलाकाराकडून घ्यायचं असेल तर डहाणू-जव्हार-तलासरी भागात आजही घरोघरी चित्रं काढली जातात. पूर्वी लग्नाच्या चौकापुरती, म्हणजे लग्नात काढायच्या चौकोनी मंगलचित्रापुरती, भिंतीवर काढली जाणारी ही कला कागद-कापडावर आणून जगापुढे नेण्यात जिव्या सोमा म्हसे यांचा मोठा वाटा. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथीही, म्हणजे कथा सांगताना दाखवायची चित्रंही, या जागेला शोभते. ठाकर समाजाच्या या चित्रांतल्या ठळक रेषा आणि मोठाले डोळे लांबून उठून दिसतात. मात्र विषय बहुतेक रामायण-महाभारतातले असतात. वरच्या पायऱ्या चढताना आपले पाय चित्राच्या पातळीला येतात आणि देवादिकांचं चित्र तिथे असणं घरातल्या मोठ्यांना रुचत नाही. त्यांना आधी विचारा. हा मान राखायलाच हवा असं मला मनापासून वाटतं. पूर्वजांच्या फोटोंचंही तेच.

आकार

भिंतीच्या मोकळ्या रुंदीच्या साधारण दोन-तृतीयांश जागा चित्राने घ्यावी. वर्तमानपत्राचे कागद जोडून तेवढा आयत कापा, टेपने चिकटवा आणि दोन-तीन दिवस तसाच राहू द्या. लँडिंगवर मी छोट्या सात-आठ फ्रेमांपेक्षा एकच मोठी फ्रेम निवडेन. येता-जाता धक्का लागून छोट्या फ्रेमा सतत वाकड्या होतात. कागदाच्या मूळ चित्राला चारी बाजूंनी तीन इंच माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची किनार, दिलं की लहान चित्रही मोठी भिंत पेलतं.

फ्रेम

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा. माउंट ॲसिड-फ्री हवं, नाहीतर काही वर्षांत चित्राच्या कडा पिवळ्या पडतात. पट्टी भिंतीपासून फार पुढे येणारी नको, कारण याच वळणावरून गाद्या, कपाटं, सिलिंडर जातात. आणि काचेऐवजी ॲक्रिलिक, म्हणजे पारदर्शक प्लास्टिक. दोन बाय तीन फुटांची 4 मिलिमीटर जाड काच साडेपाच किलोच्या घरात भरते, तेवढंच ॲक्रिलिक निम्म्याहून कमी. शिवाय पडलंच तर पायऱ्यांवर काचांचा सडा पडत नाही. घरात लहान मूल असेल तर यावर तडजोड करू नका. ॲक्रिलिकवर चरे लवकर पडतात, म्हणून ते मऊ ओल्या फडक्यानेच पुसायचं.

टांगणी

एरवी चित्राचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर ठेवतात. लँडिंगवर तो तीन-चार इंच खाली घ्या, म्हणजे खालून येणाऱ्याला मान ताणावी लागत नाही. खालची कड मात्र कठड्याच्या उंचीच्या वर राहू द्या, नाहीतर पिशव्या आणि दप्तरं घासतात. एका खिळ्यावर भागवू नका. ड्रिलने दोन भोकं पाडून, प्लग बसवून दोन स्क्रू लावा. फ्रेम जागची हलत नाही. मागच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना रबराच्या टिकल्या चिकटवा, भिंत आणि फ्रेममध्ये हवेला वाट राहते.

पहिल्या पावसाळ्यात, श्रावणाच्या सुमारास, फ्रेम एकदा उतरवून मागची बाजू बघा. करडे ठिपके किंवा कुबट वास आला तर ती दिवाळीपर्यंत आतल्या कोरड्या भिंतीवर हलवा.