गाडीतली ओल आणि घरचा इन्व्हर्टर: बडोद्याच्या पावसाळ्यात घरच्या घरी करायची तपासणी

गाडीत पायाखालची मॅट ओली लागली, की आधी ते पाणी पांढऱ्या फडक्यावर टिपून बघा. चालकाशेजारच्या सीटच्या पायाशी स्वच्छ, बिनवासाचं पाणी असेल तर संशय एसीवर. गढूळ असेल, मातीचा वास येत असेल तर ते पावसाचं. हिरवट किंवा गुलाबी, बोटाला चिकट लागणारं, गोडसर वासाचं असेल आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल, तर हीटरमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गळतंय. हे काम घरचं नाही, इंजिन तापायच्या आत मेकॅनिककडे न्या.

एसीचं पाणी डॅशबोर्डच्या आतून एका रबरी नळीने गाडीखाली पडतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत एसी 15 मिनिटं चालला तर खाली थेंब पडायलाच हवेत. जमीन कोरडी राहिली तर नळी तुंबली असं समजा. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या खालच्या अंगाला तिचं तोंड असतं. तोंडाशी अडकलेला चिखल बोटाने काढा आणि सायकलच्या पंपाने हळूहळू हवा मारा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मात्र नको. त्या जोराने नळी आतून निसटली तर साध्या कामासाठी डॅशबोर्ड उघडायची वेळ येते.

पावसाचं पाणी असेल तर सुरुवात वायपरखालच्या जाळीपासून करा. गाडी कडुलिंबाखाली उभी राहत असेल तर बारीक पाला तिथे साचून लगदा होतो, निचऱ्याची भोकं बुजतात आणि साठलेलं पाणी ब्लोअरच्या वाटेने आत उतरतं. जाळी उघडा, पाला हाताने काढा, तांब्याभर पाणी ओता. ते चाकामागून लगेच खाली यायला हवं. सनरूफ असेल तर उघडून कडेच्या पन्हळीत अर्धा कप पाणी सोडा. ते खाली न पडता छताच्या कापडावर डाग उमटला तर कोपऱ्यातली नळी तुंबलीय. तिच्यात तार खुपसू नका, भोक पडतं. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी चालते.

दाराच्या आत पाणी जाणं हा बिघाड नव्हे. काचेच्या फटीतून ते जातंच आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. दार हलवल्यावर आत डुचमळल्यासारखं ऐकू आलं तर ती भोकं आगपेटीच्या काडीने मोकळी करा. भोकं मोकळी असूनही मॅट भिजत असेल, तर दाराच्या आतल्या पॅनेलमागचा प्लास्टिकचा पडदा सुटलाय. स्पीकर बसवताना तो फाडून ठेवतात आणि पहिल्या पावसात गाडी ओली होते. दाराच्या रबरासाठी कागदाची पट्टी दारात धरून ते लावा आणि पट्टी ओढा. जिथे ती सहज निघते, तिथे रबर दबलंय.

एवढ्याने सापडलं नाही तर दोघांनी मिळून पाइप लावा. एकजण टॉर्च घेऊन आत, दुसरा बाहेर. पाइपला नोझल नको, धार साधी ठेवा. खालून सुरुवात करा, एका जागी 5 मिनिटं थांबा, मगच वर सरका. वरून ओतायला लागलात तर सगळीकडून एकदम ओघळ येतात आणि काहीच कळत नाही. आत संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवा. पाण्याचा थेंब त्यातून गेला की बारीक रेघ उमटते. त्या रेघेचं वरचं टोक म्हणजे गळतीची जागा. काचेची कड गळत असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन भरू नका, पत्रा गंजतो. तिथे काचेसाठीचं पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटच लागतं.

सुकवताना नुसती मॅट उन्हात टाकून भागत नाही. गालिच्याखालचा फोम पाणी धरून ठेवतो. गालिचा उचला, खाली वर्तमानपत्रं कोंबा आणि 2-3 दिवस पंखा लावा. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, ते ओढू नका.

आता इन्व्हर्टर. ‘बॅटरी गेली’ म्हणण्याआधी हिशोब करा. 12 व्होल्ट, 150 एएच (अँपिअर-तास) म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. हाताशी येतात साधारण 1100. तीन जुने पंखे 225 वॅट, चार एलईडी 36 आणि राउटर 10 असा 271 वॅटचा भार धरला तर चांगली बॅटरीसुद्धा चार तासच चालते. एका तासात बसत असेल तर मल्टिमीटर घ्या. पूर्ण चार्ज करून 6 तास भाराविना ठेवलेली बॅटरी 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते. पंखे लावताच आकडा झपाट्याने 11 खाली आला तर हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता दाखवणारी नळी) सहाही सेल मोजा. एकच सेल इतरांपेक्षा 30 पॉइंटने (म्हणजे 0.030 ने) मागे असेल तर तोच दोषी. ही मोजणी पाणी भरल्या भरल्या करू नका, वाचन खोटं येतं.

पाणी डिस्टिल्डच घाला, आरओचंही नको, ॲसिड तर कधीच नको. टर्मिनलवरचा पांढरा-निळसर थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण झाकणं घट्ट लावून. त्याआधी इन्व्हर्टर बंद करून मेनचा प्लग काढा. वायर सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. जोडून घट्ट केल्यावर व्हॅसलीन लावा. सैल टर्मिनल तापतं, म्हणून बॅटरी बदलण्याआधी पाना फिरवून बघा.

बडोद्यात खरा धोका वेगळाच आहे. 2019 च्या जुलैअखेर आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी घराघरांत शिरली. पाणी वाढलं की वीज कंपनी पुरवठा बंद करते आणि आता तारांत करंट नाही असं आपण धरून चालतो. इन्व्हर्टर मात्र त्याच क्षणी आपोआप सुरू होतो आणि पाण्यात बुडालेल्या प्लगना 230 व्होल्ट देत राहतो. म्हणून आजवा सरोवरातून विश्वामित्रीत पाणी सोडल्याची बातमी आली, की जमीन कोरडी असतानाच इन्व्हर्टरचं बटण आणि मेन दोन्ही बंद करा, बॅटरीची वायर सोडा. तळमजल्यावर राहत असाल तर बॅटरी एरवीच मागच्या पुराच्या खुणेच्या वर, भक्कम लोखंडी स्टँडवर ठेवा. इन्व्हर्टरही तिच्याजवळच हवा, 12 व्होल्टची वायर लांबवली की व्होल्टेज पडतं. घरात पाणी आलंच तर पाण्यात उभं राहून कुठलंही बटण दाबू नका. ओसरल्यावर भिजलेले बोर्ड वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय काही चालू करू नका.

पुरात बुडालेल्या गाडीलाही चावी लावायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर एका स्टार्टमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, पाण्याची खूण दिसेल असे फोटो पुसण्याआधी काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टो करूनच हलवा.