कामिगिन बेटाचे पाच तालुके भाकरीवर कसे मांडायचे

मंडळी, फिलिपिन्समधे कुणाचा जहाजावरचा जोडीदार असेल आणि त्याचं गाव कामिगिन बेटावर असेल तर आधी हे वाचा, मग पार्सल करा. माझा भाचा मर्चंट नेव्हीत आहे, त्याच्यासोबत तिकडचा एक पोरगा होता, त्याला मुलगी झाली म्हणून आमच्या ताईने अमळनेरला बसून जुन्या नऊवारीची गोधडी शिवली, आणि पत्ता लिहायला बसवलं मला. मी लिहिलं नाव, कातारमान, फिलिपिन्स. झालं! गोधडी निघाली उत्तर सामार प्रांतात, कारण तिथलं मुख्य गाव पण कातारमानच. आपल्याकडे नुसतं 'पिंप्री' लिहून पोस्टात टाकल्यासारखं ते. कुरियरवाल्याला काय बोलणार, पत्ताच माझा अर्धा.

तर पहिले उतरंड समजून घ्या. कामिगिन हा आख्खा एक प्रांत आहे, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हा म्हणा. पूर्वी समोरच्या मिसामिस ओरिएंटल प्रांतामधे होता, १९६६ च्या कायद्याने वेगळा झाला, धुळ्यातून १९९८ ला नंदुरबार निघालं तसंच. प्रांताखाली ५ म्युनिसिपॅलिटी, हे झाले तालुके, आणि त्यांच्याखाली बरांगाय, म्हणजे गाव किंवा वॉर्ड, ते सगळे मिळून ५८. फरक एवढाच की तिथे वरून बदलीवर आलेला कलेक्टर-तहसीलदार नसतो, प्रांताला गव्हर्नर, तालुक्याला मेयर, बरांगायला कॅप्टन, सगळे मतदानाने निवडून येतात. आणि 'जिल्हा' शब्दाने फसू नका बरं, २०२० च्या जनगणनेत पूर्ण बेटाची लोकसंख्या ९२,८०८ होती, आपल्या एकट्या भुसावळ शहरात २०११ लाच १ लाख ८७ हजार होते.

आता भाकरी घ्या. कळण्याची असली तर उत्तम, काळपट असते, लाव्हा वाटतो. पूर्ण गोल नको, जरा नासपतीसारखी लांबट थापलेली, वायव्येकडून आग्नेयेकडे तिरपी ठेवा. मग ज्वालामुखी म्हणून वर मिरचीचा ठेचा घाला. इथे सगळे चुकतात, मधोमध एकच ढीग घालतात, पण या बेटावर ज्वालामुखी एक नाही, तिकडे म्हणच आहे की आमच्याकडे गावं पाच आणि ज्वालामुखी सात. तीन चिमट्या घातल्या तरी आपलं काम होतं, एक वायव्येला हिबोक-हिबोक, एक मधे तिम्पूंग (हा सगळ्यात उंच), एक खाली दक्षिणेला गिन्सिलिबान डोंगर. बरोबर जमलं की तालुक्यांच्या सीमा आपोआप दिसतात, कारण मधे डोंगर आणि भोवती समुद्र म्हटल्यावर माणसं राहणार किनाऱ्याने, आणि प्रत्येक तालुका म्हणजे डोंगराकडून समुद्राकडे उतरणारा एक तुकडा. पाचही तालुक्यांना किनारा आहे, एकही मधे अडकलेला नाही. आणि किनाऱ्याने बेटाला वेढा घालणारा एकच रस्ता, साधारण ६४ किलोमीटर, म्हणजे अमळनेरहून जळगावला गेल्यासारखं, फक्त शेवटी परत अमळनेरलाच येता.

या रस्त्याने घड्याळाच्या काट्यासारखं फिरा, समुद्र कायम डाव्या हाताला राहील.

सुरुवात उत्तरेकडून, माम्बाहाव. स्पेलिंगमधे इंग्रजी 'जे' (J) दिसतो पण स्पॅनिश वळणाने उच्चार ह, मी चार महिने माम्बाजाव म्हणत होतो आणि भाचा हसत होता. हे प्रांताचं मुख्यालय, १५ बरांगाय, विमानतळ इथेच. नाव न्याहारीच्या शिळ्या भातावरून पडलं असं तिकडे सांगतात, म्हणजे आपल्याकडच्या शिळ्या भाकरीचाच भाऊ. हिबोक-हिबोक याच्याच डोक्यावर, डिसेंबर १९५१ च्या उद्रेकात तिथे सुमारे ५०० माणसं गेली आणि त्यानंतरच त्या देशाने ज्वालामुखींवर लक्ष ठेवायला वेगळा आयोग काढला. ऑक्टोबरात लान्सोनेस फळाचा मोठा उत्सव असतो, रावेरच्या माणसाला केळीचा असतो तसा तिकडच्यांना या फळाचा अभिमान, त्याच ज्वालामुखीच्या मातीतलं म्हणून गोड म्हणतात. (आपली काळी माती पण लाव्ह्याचीच की, फक्त साडेसहा कोटी वर्षं जुनी.)

पुढे पूर्वेला माहिनोग, १३ बरांगाय. बेनोनी बंदर इथे, समोरच्या मोठ्या मिंदानाओ बेटावरच्या बालिंगोआनहून येणारी फेरी तासाभरात इथे लागते, त्यामुळे बोटीने येणारा माणूस बहुतेक आधी माहिनोगमधेच उतरतो आणि त्यालाच राजधानी समजतो. मग गिन्सिलिबान, सगळ्यात छोटा, ७ बरांगाय, मोरो (म्हणजे तिकडच्या दक्षिणेकडचे मुसलमान) चाच्यांवर नजर ठेवायला बांधलेला जुना बुरूज आहे. मग सागाय, ९. एवढं पुरे, फक्त सागाय नावाचं एक शहर नेग्रोस बेटावरही आहे, म्हणजे परत तोच घोळ.

शेवटी पश्चिमेला आमचं गोधडीवालं कातारमान, १४ बरांगाय. याची गोष्ट मात्र नीट ऐका. १८७१ मधे आधी भूकंप, मग जमिनीतून नवीन ज्वालामुखीच वर आला, व्हल्कन त्याचं नाव, आणि जुनं गाव उद्ध्वस्त झालं, त्याचं कब्रस्तान समुद्रात बुडालं. आज तिथे पाण्यात एक मोठा क्रॉस उभा आहे आणि चर्चच्या नुसत्या दगडी भिंती राहिल्यात. ही जागा बोनबोन नावाच्या बरांगायमधे आहे, आणि आजचं कातारमान गाव तिथून वेगळ्याच जागी वसलंय. म्हणून पत्त्यात नुसतं कातारमान लिहून भागत नाही, बरांगाय हवाच. भाच्याच्या मित्राचं घर बोनबोनलाच निघालं.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, पिनकोड. चारच आकडे, आणि आपण जसे फिरलो त्याच क्रमाने, माम्बाहाव ९१००, माहिनोग ९१०१, गिन्सिलिबान ९१०२, सागाय ९१०३, कातारमान ९१०४. म्हणजे क्रम विसरलात तर पिनकोड बघा, पिनकोड विसरलात तर भाकरी फिरवा.

पत्ता असा लिहा, नाव, घर किंवा वस्ती, बरांगाय, म्युनिसिपॅलिटी, पिनकोड, मग प्रांत कामिगिन, मग देश, आणि मोबाईल नंबर नक्की टाका. प्रांत कधीच गाळू नका. आणि नकाशात शोधताना 'कामिगिन प्रांत' असंच टाका, कारण फिलिपिन्सच्या पार उत्तरेला बाबुयान बेटांमधे अजून एक कामिगिन आहे, आणि तो पण ज्वालामुखीच, काय करता भो. ताई सध्या दुसरी गोधडी शिवतेय, या वेळी पत्ता भाचा लिहिणार आहे.