नाचणी मोड आणूनच दळा

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारातून नाचणी आणली की थेट गिरणीत देऊ नका, आधी मोड आणा, थोडा खटाटोप आहे पण वर्थ इट. रात्रभर भिजवायची, सकाळी पाणी काढून सुती फडक्यात घट्ट बांधून ठेवायची, दीड-दोन दिवसांत बारीक पांढरे मोड दिसतात. मग पंख्याखाली खडखडीत वाळवून मंद गॅसवर हलकी भाजून दळायची. पावसाळ्यात आपल्या ठाण्याच्या दमट हवेत फडकं चिकट लागलं, आंबूस वास आला तर सरळ टाकून द्या, माझी अख्खी किलोभर गेलीय अशी.

100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळपास तिप्पट, पण दाण्यातलं फायटेट नावाचं द्रव्य हे कॅल्शियम अडवून धरतं, अंगी लागू देत नाही, आणि मोड आणल्यावर फायटेट कमी होतं म्हणून हा उपद्व्याप. लोहासाठी सोबत लिंबू पिळा, चहा मात्र तासाभराने.

शुगरवाल्यांनी पातळ आंबील रोज ढोसू नये हां, ती साखर पटकन वाढवते, त्यापेक्षा भाकरी आणि उसळ बरी. ग्लूटेन नसल्याने भाकरी तुटते, उकळत्या पाण्यात उकड काढून मळा.