लोगोभोवतीचा पांढरा चौकोन

जाहिरातीच्या गडद निळ्या पार्श्वभूमीवर लोगो ठेवला की भोवती पांढरा चौकोन दिसायचा, अक्षरांच्या कडेला मळकट ठिपके. फाइल जेपीजी होती. जेपीजीत पारदर्शकता नसते. शिवाय ती चित्राचे 8 गुणिले 8 पिक्सेलचे तुकडे करून बारीक तपशील गाळते. फोटोत ते खपून जातं, ठळक अक्षरांत लगेच डोळ्यांत खुपतं.

तीच फाइल पीएनजी म्हणून, म्हणजे तपशील न गाळणाऱ्या प्रकारात, सेव्ह केली. ठिपके तसेच! एकदा गेलेला तपशील परत येत नाही. शेवटी पेन टूलने (रेषा-वक्र काढायच्या साधनाने) लोगो एसव्हीजीत, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-आकार साठवणाऱ्या फाइलमध्ये, नव्याने काढला, दुपार गेली, पण आता कितीही मोठा केला तरी कड स्वच्छ राहते. छपाईच्या फोटोंना मात्र 300 डीपीआयचा (इंचाला 300 ठिपके) हिशेब लावतेच: 600 पिक्सेल रुंदीचा फोटो 2 इंचांपलीकडे ताणत नाही.