स्ट्रीमर गाणं जसंच्या तसं पुढे देतोय का? तपासताना या चुका टाळा

मिरजेच्या मित्राने नवा स्ट्रीमर (नेटवरची किंवा साठवलेली गाणी डिजिटल रूपात पुढे देणारं यंत्र) घेतला आणि त्याच रात्री फोन केला. "डॅकवर 44.1 दिसतंय की! मग झालं की बिट-परफेक्ट." डॅक म्हणजे डिजिटल आकड्यांचा ऐकू येणारा आवाज करणारं यंत्र. मी त्याला थांबवलं, कारण मीही बरेच महिने याच समजुतीत होतो.

बिट-परफेक्ट म्हणजे फाइलमधला प्रत्येक आकडा न बदलता डिजिटल आउटपुटमधून बाहेर पडणं. सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये प्रत्येक चॅनलचे सेकंदाला 44,100 नमुने असतात आणि प्रत्येक नमुना 65,536 पैकी एक किंमत घेतो, म्हणजेच तो 16 बिटांचा असतो. हे आकडे एकतर तसेच पोचतात किंवा पोचत नाहीत. इथे 'जवळजवळ' असं काही नसतं, म्हणूनच हे पक्कं तपासता येतं.

दिव्यावर आणि आकड्यावर विसंबणं

डॅकच्या पडद्यावर दिसतो तो फक्त सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती हजार नमुने येताहेत ते. स्ट्रीमरचा व्हॉल्यूम 100 वरून 90 वर आणा, इक्वलायझर लावा, तरी पडद्यावर 44.1 च राहील. उलट 44.1 ची फाइल लावल्यावर पडद्यावर 48 आलं, तर मात्र वाटेत कोणीतरी रूपांतर करतंय हे नक्की. 44,100 चे 48,000 करायचे म्हणजे दर 147 नमुन्यांच्या जागी 160 नवे नमुने तयार करायचे. मूळ आकडे जवळपास सगळेच जातात. म्हणजे नापास करायला हा आकडा उपयोगी आहे, पास करायला नाही.

व्हॉल्यूम 'थोडासाच' कमी ठेवणं

एका नमुन्याची किंमत 12,345 आहे असं धरा. डिजिटल व्हॉल्यूमने ती निम्मी केली की येते 6,172.5. सोळा बिटांत अर्ध्याला जागा नाही, तो टाकून द्यावा लागतो. आउटपुट 24 बिटांचा असेल तर हे नुकसान कानाला जाणवणार नाही इतकं लहान राहतं, पण आकडे बदललेच. तपासणीपुरता व्हॉल्यूम 'फिक्स्ड' करा आणि आवाज अॅम्पवरून कमी-जास्त करा. त्याच मेनूत व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन आणि रिप्लेगेन (सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणाऱ्या सोयी), क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं), इक्वलायझर हेही बंद करा. नॉर्मलायझेशन पुष्कळदा आधीपासूनच चालू असतं. माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

ब्लूटूथवरून तपासत असाल तर वेळ घालवू नका. एसबीसी, एएसी, एलडॅक हे ब्लूटूथवरून आवाज पाठवायचे प्रकार काही आकडे टाकून देऊन जागा वाचवतात. अँड्रॉइड फोन यूएसबीने डॅकला जोडला असेल तर फोनमधला मिक्सर (सगळ्या अॅप्सचे आवाज एकत्र करणारा भाग) मध्ये येतो. तो टाळून थेट आउटपुट देण्याची अधिकृत सोय अँड्रॉइड 14 पासून आली, पण अॅपने ती वापरायला हवी. विंडोजवर प्लेअरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह (WASAPI Exclusive) निवडा, म्हणजे तिथला मिक्सर टळतो. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर एमपीडी हा प्लेअर चालवत असाल तर आउटपुट थेट हार्डवेअरकडे जाऊ द्या आणि सॉफ्टवेअर मिक्सर बंद ठेवा.

कानाने निकाल लावणं

मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर दोरा तारेखाली केसभर सरकवतो, ऐकतो, पुन्हा सरकवतो. तिथे कानाइतकं अचूक साधन दुसरं नाही. म्हणून आपल्याकडच्या रसिकाला वाटतं की स्ट्रीमरचंही कानच सांगेल. पण आवाज किंचित वाढला तरी आपल्याला तो 'जास्त मोकळा' वाटतो. दोन सेटिंग्जमध्ये अर्ध्या डेसिबलचा फरक असला, की मोठी असलेली बाजू जिंकते, मग तिच्यातले आकडे बदललेले का असेनात. कानाला संगीत ऐकू द्या, आकडे मोजायला दुसरी साधनं आहेत.

डीटीएसची चाचणी, पण स्पीकर सांभाळून

घरात जुना होम थिएटर रिसीव्हर असेल तर अर्धं काम झालं. डीटीएस (अनेक स्पीकरांसाठीचा सराउंड आवाज साठवायची पद्धत) संगीताची सीडी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. ती फाइल वरून साध्या 44.1, 16 बिट फाइलसारखीच दिसते, आत मात्र सांकेतिक डेटा असतो. स्ट्रीमरचं ऑप्टिकल किंवा को-अॅक्सिअल आउटपुट रिसीव्हरला जोडा आणि ती वाजवा. आकडे तसेच पोचले तर रिसीव्हरवर 'डीटीएस' उमटेल आणि संगीत सुरू होईल. व्हॉल्यूम एक पायरीने बदललेला असला तरी संकेत तुटतो आणि नुसती खरखर येते.

ही खरखर पूर्ण ताकदीची असते. स्ट्रीमरच्या अॅनालॉग आउटपुटच्या तारा काढून ठेवा आणि रिसीव्हरचा आवाज अगदी खाली आणा, नाहीतर ट्विटर (स्पीकरमधला बारीक आवाजांचा भाग) जाईल. आणि हेही लक्षात ठेवा, की ही चाचणी 44.1 आणि 16 बिटांपुरतीच आहे. 24 बिटांची फाइल वाटेत 16 वर छाटली जात असेल तर ते इथे कळणार नाही. डॅकमध्येच बिट-टेस्टची सोय असेल तर उत्तमच. आरएमई कंपनीच्या एडीआय-2 डॅकमध्ये ती आहे आणि त्यासाठी वेगवेगळ्या रेटच्या फाइल्स मिळतात.

वजाबाकी करताना होणारे घोळ

सगळ्यात खात्रीची पद्धत म्हणजे स्ट्रीमरचं डिजिटल आउटपुट डिजिटल इनपुट असलेल्या साउंड कार्डवर रेकॉर्ड करायचं, मूळ फाइल शेजारी ठेवायची, एक उलटी करायची (प्रत्येक आकड्याचं चिन्ह बदलायचं) आणि दोन्ही मिसळायच्या. सगळं बरोबर असेल तर उरतं शून्य. अगदी सरळ रेषा.

मला ती रेषा तीन रविवार मिळाली नाही. विश्रामबागच्या खोलीत तारांचा गुंता करून बसलो होतो. उरलेला सिग्नल मोठा करून पाहिला, तर सगळीकडे सारखीच बारीक सळसळ, शेवटच्या बिटात वर-खाली होणारी. मी तार बदलली, प्लग बदलला, स्ट्रीमर रीसेट केला. शेवटी लक्षात आलं, की रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 'डिदर', म्हणजे मुद्दाम अगदी बारीक सळसळ मिसळायची सोय, चालू होतं. फाइल सेव्ह होताना तेच आपली सळसळ मिसळत होतं. डिदर बंद केलं आणि रेषा सरळ झाली. स्ट्रीमर पहिल्या रविवारपासून निर्दोष होता.

म्हणून आधी तपासणाऱ्याची तपासणी करा. साउंड कार्डाचं डिजिटल आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून शून्य येतं का बघा. काही कार्डं आत येणारा सिग्नल स्वतःच रिसॅम्पल करतात (म्हणजे नमुने नव्याने बनवतात), तसं असेल तर ते कार्ड या कामाचं नाही. मग स्ट्रीमर जोडल्यावर कार्डाचं घड्याळ (नमुन्यांची चाल ठरवणारा भाग) 'एक्स्टर्नल'वर ठेवा, म्हणजे ते स्ट्रीमरच्या चालीने चालेल. रेकॉर्डिंगचा रेट फाइलच्या रेटइतकाच ठेवा. दोन फाइल्स जुळवताना इतकं झूम करा, की नमुने सुटे ठिपके म्हणून दिसतील.

उरलेला आवाज ऐका, दोष कुठे आहे ते तोच सांगतो. गाणंच हळू आवाजात ऐकू येत असेल तर व्हॉल्यूम किंवा नॉर्मलायझेशन. झांज, टाळ, 'स'सारखे तीक्ष्ण आवाजच उरले असतील तर तुमची जुळणी एखाद्या नमुन्याने चुकली आहे. सुरुवातीला शांत आणि पुढे वाढत जाणारा असेल तर घड्याळं जुळलेली नाहीत किंवा रिसॅम्पलिंग चालू आहे. शून्य, मग एकदम टक्, आणि तिथून पुढे गाणं, असं असेल तर मधले नमुने गळले. सारखी सळसळ असेल तर डिदर, माझ्यासारखं.

दोन वेगळ्या फाइल्स एक समजणं

स्ट्रीमिंग सेवेवरचं गाणं आणि तुमच्या सीडीवरून काढलेलं गाणं यांचं मास्टरिंग (प्रकाशनाआधीचा शेवटचा आवाज-संस्कार) वेगळं असू शकतं. त्यांची वजाबाकी शून्य येणारच नाही. स्ट्रीमरची परीक्षा स्वतःच्या फाइलवर घ्या. फ्लॅक या काहीही न गमावणाऱ्या फाइल-प्रकारात मूळ आवाजाचा एमडी5 (आकड्यांवरून काढलेला ओळख-क्रमांक) साठवलेला असतो, त्यावरून फाइल शाबूत आहे का तेही पाहता येतं. मात्र एमपी3 वरून केलेली फ्लॅकही या परीक्षेत पास होते. स्ट्रीमरने दिलेलं तसंच पुढे पोचवलं, आधी गेलेलं तो परत आणू शकत नाही.

मित्राच्या स्ट्रीमरवर आम्ही डीटीएसची फाइल लावली. खरखर आली. मेनूत नॉर्मलायझेशन चालू सापडलं, ते बंद केलं आणि डीटीएसचा दिवा लागला. ती फाइल आता त्याच्या पेनड्राइव्हवर कायम आहे. फर्मवेअर अपडेट झालं की सेटिंग्ज मूळपदावर जाऊ शकतात, म्हणून दर अपडेटनंतर तो आधी अॅनालॉग तारा काढतो आणि मग ती वाजवतो.